काळ्या प्लॅस्टिकवर येणारा करडेपणा : मोटारधारकांसाठी कारणे व उपाय

वैशाखातील दुपारी बडोदे शहरातील, म्हणजेच आजच्या वडोदऱ्यातील, रावपुरा किंवा दांडिया बाजार भागात रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या मोटारींकडे पाहिले असता एक गोष्ट सहज ध्यानात येते. गाडीचा रंगविलेला पत्रा चकचकीत असतो, काचा स्वच्छ असतात. परंतु बंपर, चाकांवरील कमानींच्या पट्ट्या, बाजूच्या आरशांची आवरणे आणि पुढील काचेखालची जाळी हे मूळचे काळेभोर भाग मात्र राखेसारखे करडे दिसतात. पाच-सहा वर्षे उन्हात काढलेली गाडी त्यामुळे आहे त्याहून कितीतरी जुनी वाटते, आणि विक्रीच्या वेळी तिची किंमत ठरविताना याच गोष्टीकडे प्रथम बोट दाखविले जाते.

यावर घरोघरी निरनिराळे उपाय केले जातात. कोणी खोबरेल तेल चोळतो, कोणी बूटपॉलिश लावतो, तर कोणी डिझेलचा बोळा फिरवितो. प्लॅस्टिक तात्काळ काळे होते. पण पहिल्या दोन-चार धुण्यांनंतर करडेपणा परत येतो, व वर धूळ बसून तो भाग पूर्वीपेक्षाही मळकट दिसू लागतो. असे का होते, हे समजून घेतले तर वारंवार होणारा खर्च व श्रम वाचू शकतात. सरकारी कार्यालयातील वाहन असो, गावातील प्रवासी जीप असो किंवा शिक्षकाने कर्ज काढून घेतलेली लहान मोटार असो, हा विषय सर्वांच्याच उपयोगाचा आहे.

बडोदे आणि प्लॅस्टिक

या प्रश्नाचा विचार बडोद्याच्या संदर्भात करण्यास विशेष कारण आहे. अंकलेश्वर येथे १९६० मध्ये खनिज तेल सापडले. सोव्हिएत साहाय्याने बडोद्यानजीक कोयली येथे उभारलेला तेलशुद्धीकरण कारखाना १९६५ मध्ये सुरू झाला. तेलशुद्धीकरणातून मिळणाऱ्या नाफ्थ्यापासून प्लॅस्टिक व इतर पदार्थ तयार करता यावेत, यासाठी १९६९ मध्ये इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशन ही केंद्र सरकारची कंपनी स्थापन झाली आणि तिचे पहिले संकुल बडोद्याजवळ उभे राहिले. या कंपनीचे पॉलिप्रॉपिलीन ‘कोयलीन’ या नावाने देशभर विकले जात असे. पुढे २००७ मध्ये ही कंपनी रिलायन्स इंडस्ट्रीजमध्ये विलीन झाली.

मोटारीच्या बाहेरील काळ्या भागांसाठी आज मुख्यतः हेच पॉलिप्रॉपिलीन वापरले जाते. ॲम्बॅसिडर गाडीचे बंपर लोखंडी पत्र्याचे व मुलामा दिलेले असत. त्यांना गंज चढे, पण ऊन बाधत नसे. १९८० च्या दशकानंतर वजनाने हलक्या, इंधन कमी लागणाऱ्या मोटारी आल्या आणि प्लॅस्टिकचे बंपर सर्वत्र रूढ झाले. बडोद्यापासून जवळच, पावागडच्या पायथ्याशी असलेल्या हालोल येथेही १९९० च्या दशकापासून मोटारी तयार होत आल्या आहेत. ज्या परिसरात हे प्लॅस्टिक तयार होते व मोटारीही तयार होतात, त्याच परिसरातील ऊन या प्लॅस्टिकची कसोटी पाहते. बडोदे कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस असल्याने तेथे सूर्य वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो. महाराष्ट्रातील खानदेश, मराठवाडा व विदर्भ येथील वाहनांनाही अशाच प्रखर उन्हाला तोंड द्यावे लागते.

रंग उडतो की थर झडतो?

प्लॅस्टिकचा ‘रंग उडाला’ असे आपण म्हणतो. परंतु हे वर्णन वस्तुस्थितीला धरून नाही. या प्लॅस्टिकला काळा रंग बहुधा काजळीच्या अतिसूक्ष्म कणांमुळे येतो. काजळी म्हणजे जवळजवळ शुद्ध कार्बन. उन्हाने तिचा रंग जात नाही. उलट ती सूर्यप्रकाशातील घातक किरण स्वतः शोषून घेते व प्लॅस्टिकचे रक्षण करते. घरावरील पाण्याच्या टाक्या आणि ठिबक सिंचनाच्या नळ्या काळ्या असतात, त्याचे एक महत्त्वाचे कारण हेच होय.

मग बिघडते काय? प्लॅस्टिक म्हणजे अतिशय लांब साखळ्यांसारख्या रेणूंचा गुंता. पॉलिप्रॉपिलीनच्या साखळीत दर एक सोडून एका कार्बन अणूला बाजूची एक शाखा जोडलेली असते. त्या सांध्यावरील हायड्रोजन अणूचा बंध तुलनेने दुबळा असतो. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण, म्हणजे साधारणपणे २९० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचे अदृश्य किरण, प्लॅस्टिकवर पडले की या दुबळ्या जागी हवेतील प्राणवायूची प्रक्रिया सुरू होते आणि साखळ्या तुटू लागतात. उष्णतेमुळे ही क्रिया अधिक वेगाने होते. उत्पादक प्लॅस्टिकमध्ये संरक्षक रसायने मिसळतात. परंतु तीही वर्षानुवर्षांच्या उन्हात हळूहळू खर्ची पडतात.

शेतकऱ्यांना ही क्रिया वेगळ्या रूपात परिचित आहे. खताची विणलेली प्लॅस्टिकची गोणी एक-दोन उन्हाळे बांधावर पडून राहिली की हात लावताच तिचा भुगा होतो. बंपर जाड असल्याने व त्यात संरक्षक द्रव्ये असल्याने त्याचा भुगा होत नाही, पण त्याच्या अगदी वरच्या, केसाहूनही पातळ अशा थरात हेच घडत असते. बंपरच्या प्लॅस्टिकमध्ये धक्का सोसण्यासाठी रबरासारखा पदार्थ आणि ताठरपणासाठी शंखजिऱ्याची पांढरी पूड मिसळलेली असते. वरच्या थरातील प्लॅस्टिक झडले की ही पांढरी पूड उघडी पडते, पृष्ठभागावर असंख्य सूक्ष्म भेगा पडतात, आणि त्यांवरून प्रकाश चहूबाजूंना विखुरला जातो. डोळ्यांना तो भाग करडा दिसतो. खाली काळा रंग शाबूत असतो. वर मात्र झडलेल्या थराचे पांढरट आवरण पसरलेले असते.

पाणी किंवा तेल लावताच प्लॅस्टिक पुन्हा काळे का दिसते, याचाही उलगडा यावरून होतो. कोरडी पाटी करडी दिसते, ओली केली की काळी होते. पाण्याने तिच्यावरील बारीक खळगे भरून निघतात व प्रकाशाचे विखुरणे कमी होते. पाणी वाळले की पाटी पूर्ववत. तेलही खळगेच भरते. फक्त ते पाण्यापेक्षा सावकाश निघून जाते, इतकाच फरक.

डाग आणि झीज यांतील भेद

बडोद्याच्याच इतिहासातील एक प्रसंग या संदर्भात आठवतो. महाराज खंडेराव गायकवाड यांनी मुंबई शहराला राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा भेट दिला होता. १८९६ मध्ये चापेकर बंधूंनी त्याला डांबर फासले. तो काळा डाग पुढे रसायनशास्त्रज्ञ प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी काढून दाखविला. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने १८९० मध्ये बडोद्यात स्थापन झालेल्या कलाभवन या तंत्रशिक्षण संस्थेची धुरा पूर्वी याच गज्जरांनी वाहिली होती.

पुतळ्यावर बाहेरून काही चढले होते आणि खालचा संगमरवर शाबूत होता. म्हणून चढलेले दूर करताच मूळ रूप परत आले. प्लॅस्टिकच्या बाबतीत स्थिती नेमकी उलट असते. तेथे काही चढलेले नसून काही गमावलेले असते. म्हणून केवळ घासून-पुसून ते पूर्ववत होत नाही. गमावलेल्या थराच्या जागी नवा, टिकाऊ थर द्यावा लागतो. उपाय योजण्यापूर्वी आपल्यासमोर डाग आहे की झीज, हे ठरविणे त्यामुळे आवश्यक ठरते.

घरच्या घरी करावयाची परीक्षा

यासाठी कोणत्याही उपकरणाची गरज नाही. गाडी सावलीत उभी करून पुढील तीन गोष्टी पाहाव्यात.

१. पांढरेपणा केवळ रंगीत पत्र्यालगतच्या कडेवर असल्यास तो बहुधा पत्र्याला लावलेल्या मेणाच्या पॉलिशचा वाळलेला अंश असतो. हा डाग होय. कोमट साबणपाणी व मऊ ब्रश यांनी तो निघतो.

२. स्वच्छ धुऊन वाळविलेल्या भागावर ओले फडके फिरवावे. ओला असताना काळा आणि वाळताच पुन्हा करडा, असे झाल्यास वरचा थर झिजला आहे.

३. कोरड्या बोटाने दाबून पुसल्यावर बोटाला खडूसारखी पूड लागल्यास झीज पुढच्या पायरीला गेली आहे. भेगा उघड्या डोळ्यांनी दिसत असल्यास किंवा कड दाबताच तुकडा पडत असल्यास तो भाग दुरुस्तीपलीकडे गेला असून बदलणेच योग्य.

पूर्वतयारी : स्वच्छता

कोणताही उपाय टिकणे न टिकणे हे बहुतांशी स्वच्छतेवर अवलंबून असते. काम सकाळी, सावलीत व प्लॅस्टिक थंड असताना करावे. गाडी धुण्याचा सौम्य साबण पाण्यात मिसळून, जुन्या दात घासण्याच्या ब्रशाने खरखरीत पृष्ठभागाचे खळगे घासावेत. पूर्वी तेल किंवा चमक आणणारे द्रव लावले असल्यास ही क्रिया दोन-तीन वेळा करावी. शेवटच्या धुण्याच्या वेळी पाणी पृष्ठभागावर थेंबांच्या रूपात न राहता पसरू लागले, म्हणजे जुने तेल बऱ्याच अंशी निघाले असे समजावे. त्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल समभाग पाण्यात मिसळून त्यात भिजविलेल्या स्वच्छ फडक्याने भाग पुसावा व काही तास पूर्ण वाळू द्यावा. खळग्यांत ओल राहिली तर वरचा लेप लवकर सुटतो.

लगतच्या रंगीत पत्र्यावर कागदी चिकटपट्टी लावून घ्यावी. धुण्याचे तेलकट पाणी नदी-ओढ्यात सोडू नये. बडोद्यातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीत आजही मगरींची वस्ती आहे. अशा नद्या-नाल्यांतील जीवसृष्टीला आपल्या स्वच्छतेचा उपद्रव होऊ नये.

उपायांची निवड

*तेलकट किंवा सिलिकोनयुक्त द्रव.* हे लावण्यास सोपे व स्वस्त आहे. याचा परिणाम काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत टिकतो. झीज नुकतीच सुरू झालेली असल्यास किंवा तात्पुरती शोभा हवी असल्यास हा उपाय पुरेसा आहे. मात्र वारंवार लावावा लागत असल्याने एकूण खर्च अखेरीस वाढतो.

*वाळून घट्ट होणारा लेप.* यात काळे रंगद्रव्य किंवा पारदर्शक राळेसारखा पदार्थ असतो व तो वाळल्यावर पृष्ठभागावर पक्का थर तयार करतो. स्पंजने अगदी पातळ हात द्यावा, जादा द्रव लगेच पुसून घ्यावे आणि डब्यावर सांगितलेल्या काळापर्यंत गाडीला पाणी लागू देऊ नये. पृष्ठभाग नीट स्वच्छ केलेला असल्यास हा थर अनेक महिने, कधी वर्षाहूनही अधिक काळ टिकतो. मध्यम झिजेसाठी खर्च व टिकाऊपणा यांचा मेळ या उपायात सर्वांत चांगला बसतो. लेपात अतिनील किरणांपासून संरक्षण देणारे द्रव्य आहे, असा उल्लेख डब्यावर असल्याची खात्री करून घ्यावी.

*रंग देणे.* खडूसारखी पूड निघत असलेल्या, पण भेगा न पडलेल्या भागांसाठी हा उपाय योग्य होय. पॉलिप्रॉपिलीनला सहसा काहीच चिकटत नाही. त्यामुळे साधा रंग थेट मारल्यास काही महिन्यांत त्याचे पापुद्रे निघतात. बारीक पॉलिशपेपरने पूड काढून, प्रथम प्लॅस्टिकसाठीच असलेल्या प्रायमरचा पातळ हात द्यावा व नंतर लवचीक, कमी चमकेचा काळा रंग द्यावा. घासल्यामुळे मूळची नक्षीदार खरखर काही अंशी जाते, हे आधीच लक्षात घ्यावे.

*भाग बदलणे.* तडकलेल्या भागावर लेप देणे म्हणजे पैसा वाया घालविणे. काढलेल्या भागाच्या मागील बाजूस पदार्थाची संक्षिप्त खूण बहुधा उमटविलेली असते. भंगार घेणाऱ्यास ती दाखविल्यास प्लॅस्टिक योग्य वर्गात पुनर्वापरासाठी जाऊ शकते.

टाळावयाच्या गोष्टी

पेट्रोल, डिझेल, रॉकेल किंवा थिनर यांचा वापर कटाक्षाने टाळावा. हे पदार्थ पॉलिप्रॉपिलीनमध्ये शिरून त्याला फुगवितात, लगतचा रंग बिघडवितात आणि त्यांच्या वाफा पेट घेऊ शकतात. बूटपॉलिश उन्हात मऊ होऊन कपड्यांना लागते व खळग्यांत साचलेले मेण पुढे कोणताही लेप धरू देत नाही.

जवसाचे तेल वाळून कडक थर देते म्हणून काही जण ते वापरतात. काही काळ परिणाम चांगला दिसतो. परंतु तो थर पुढे पिवळसर व चिकट होतो. त्याहून मोठा धोका निराळाच आहे. जवसाच्या तेलात भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकल्यास वाळताना निर्माण होणारी उष्णता साचते आणि ती आपोआप पेटू शकतात. अशी फडकी पाण्यात बुडवून ठेवावीत किंवा उघड्यावर पसरून वाळवावीत.

गरम हवेच्या यंत्राने प्लॅस्टिक तापवून काळे करण्याची पद्धतही प्रचलित आहे. उष्णतेने वरचा झिजलेला थर वितळून खळगे बुजतात व काळेपणा क्षणात परत येतो. पण पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६० ते १६५ अंश सेल्सिअसला वितळते. हात किंचित थबकला तरी भाग वेडावाकडा होतो, लगतचा रंग फुगतो व काच तडकू शकते. शिवाय संरक्षक द्रव्यांची झालेली हानी यामुळे भरून निघत नाही. तोच भाग पुन्हा करडा होतो. उघड्या ज्योतीचा वापर तर कधीही करू नये.

जुनी मोटार विकत घेताना

ग्रामीण भागात वापरलेली मोटार घेणाऱ्यांचे प्रमाण मोठे आहे. विक्रीपूर्वी करडे भाग तेल लावून काळे केलेले असतात, असे अनेकदा आढळते. अशा वेळी पांढऱ्या फडक्यावर थोडे साबणपाणी घेऊन बंपरचा एक कोपरा चोळावा व वाळू द्यावा. फडक्याला काळेपणा किंवा तेल लागले आणि कोपरा करडा झाला, तर गाडीने बराच काळ उन्हात काढला आहे, असे समजण्यास हरकत नाही. मग काचेभोवतीचे रबर, टायरच्या बाजू आणि आतील आसनांचे कापड हेही काळजीपूर्वक पाहावे. कारण ज्या उन्हाने बंपर झिजला, त्याने त्यांनाही सोडलेले नसते. करड्या प्लॅस्टिकमुळे इंजिनाला बाधा येत नाही. परंतु गाडीच्या आयुष्याविषयी ते खरी साक्ष देते. ही साक्ष तेलाने पुसली जाऊ नये, एवढी दक्षता खरेदीदाराने घ्यावी.

नित्याची निगा

दुरुस्तीपेक्षा प्रतिबंध स्वस्त पडतो. शक्य तेथे गाडी झाडाच्या किंवा छपराच्या सावलीत उभी करावी. सावली नसल्यास गाडीचे तोंड दररोज एकाच दिशेला ठेवू नये, म्हणजे एकाच बाजूला सतत दुपारचे ऊन लागणार नाही. गाडी नवी असतानाच काळ्या भागांना अतिनील किरणांपासून संरक्षण देणारा लेप ठराविक काळाने द्यावा. पत्र्याला मेणाचे पॉलिश लावताना ते प्लॅस्टिकवर जाऊ देऊ नये. सरकारी कार्यालयांनी वाहनतळावर साधे छप्पर उभारल्यास किंवा कडुनिंबासारखी झाडे लावल्यास प्लॅस्टिकच नव्हे, तर रंग, रबर व आसने या सर्वांचेच आयुष्य वाढते.

शाळेसाठी एक प्रयोग

शिक्षकांना हा विषय वर्गात सहज शिकविता येईल. विणलेल्या प्लॅस्टिकच्या एकाच गोणीतून सारख्या मापाच्या तीन पट्ट्या कापाव्यात. एक कपाटात ठेवावी, दुसरी छपरावर उघड्या उन्हात बांधावी आणि तिसरी छपरावरच, पण काळ्या जाड कापडाखाली ठेवावी. उन्हाळा संपल्यावर तिन्ही पट्ट्या हाताने ओढून पाहाव्यात. उघड्यावरील पट्टी किती लवकर तुटते आणि कापडाखालील पट्टी किती टिकते, हे विद्यार्थ्यांनी नोंदवावे. प्लॅस्टिकची हानी केवळ उष्णतेने होते की प्रकाशाने, याचे उत्तर त्यांना पुस्तक न उघडताच मिळेल. पाटी ओली करून तिचा बदलणारा रंग पाहणे, हा त्याला जोडून घेण्यासारखा दुसरा प्रयोग होय.

मोटारीवरील करडी पट्टी ही बाब लहान दिसते. परंतु वस्तूत नेमका बिघाड काय झाला आहे, हे ओळखून मगच उपाय करण्याची सवय शेतीच्या अवजारांपासून शाळेच्या बाकांपर्यंत सर्वत्र उपयोगी पडते. तेलाचा हात देऊन झीज झाकता येते, थांबविता येत नाही. स्वच्छता, योग्य लेप आणि सावली या तीन गोष्टी सांभाळल्यास मात्र तीच वस्तू पुढील अनेक वर्षे चांगली सेवा देऊ शकते.